पडद्याबाहेरचा हात

अमरावती, ता. ६ नोव्हेंबर १८६४

जावईबापूंस मोरोपंताचा आशीर्वाद.

तुमचे मागचे पत्र चार ओळींचे होते. त्यातल्या दोन हवेबद्दल होत्या. आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि म्हणाली, "एवढंच?" मी म्हटले, डॉक्टर लोक औषध देतात तसेच लिहितात, थेंब मोजून. ती हसली नाही. तारा गेल्यापासून आमच्या घरात माझ्या विनोदाला गिऱ्हाईक उरलेले नाही. म्हणून आता टपालाने तुमच्याकडे पाठवत जाईन. बहिणीचा नवरा म्हणून तेवढे सोसा.

अमरावती कापसाने वेडी झाली आहे. तिकडे अमेरिकेतल्या लोकांनी आपसात लढाई काढली आणि इकडे आमच्या पेठेतल्या एका कुणब्याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. परवा त्यातली एक चोरीस गेली. तो कचेरीत फिर्याद घेऊन आला. कारकुनाने विचारले, "माल कोणाचा?" तो म्हणाला, "उजव्या बैलाचा." कारकुनाने तसेच लिहून घेतले. अशा कचेरीत मी वकिली करतो.

आता काम. मूर्तिजापुराजवळ देवरखेड म्हणून गाव आहे. ते आमच्या अमरावतीच्या कचेरीखाली येते, पण तुम्हाला अकोल्याहून जवळ. तिथले महादेवराव देशमुख मोठे गृहस्थ आहेत. त्यांची विधवा भावजय सुभद्राबाई तापाने अंथरुणाला खिळली आहे, आणि कचेरीने तिला २० डिसेंबरला जबानीस बोलावले आहे. दोन दिवसांची वाट. मेण्यात घालून आणली तरी हाल व्हायचे. तुम्ही मुंबईस शिकलेले, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. बाईस पाहून 'प्रवास करवत नाही' एवढा दाखला दिलात की काम भागेल. देशमुखांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, तुम्हाला न्यायला येईल. तेवढीच हवापालट.

हवेबद्दल मात्र लिहू नका.

मोरोपंत


अकोला, ता. १७ नोव्हेंबर १८६४

मोरोपंतदादांस चिंतामणाचा नमस्कार.

देवरखेडला जाऊन आलो. दाखला महादेवरावांच्या हाती दिला आहे. आईंना सांगा की मी दोन्ही वेळ जेवतो. काय जेवतोस असे त्या विचारतील. भाकरी आणि वरण. बुधवारी भाजी होती.

तुम्ही पत्र मोठे मागता, म्हणून तिथली हकीकत लिहितो.

देशमुखांनी मुंबईहून झुंबर आणवले आहे. घराचे छत ठेंगणे, त्यामुळे झुंबर माणसाच्या छातीशी येते. येणारा जाणारा वाकून जातो. मला वाटले लोक देशमुखांना मुजरा करीत आहेत. नंतर कळले, कपाळ वाचवीत आहेत.

महादेवरावांनी बसवून घेतले आणि पहिले विचारले, "डाक्तर, तुमचं औषध महाग हाय का?"

मी म्हटले, "सरकारी आहे. पैसे पडत नाहीत."

त्यांचे तोंड उतरले. "फुकटाचं लागन कसं? जरा महागातलं द्या नं. आता काही तसे दिवस नाई राहिले आमचे."

महाग औषध जवळ नव्हते. तापावरच्या कोयनेलच्या पुड्या होत्या, त्याच बऱ्या असे सांगितले. फार कडू आहेत म्हटल्यावर त्यांना थोडे समाधान वाटले.

मग मी विचारले, आजारी बाई कुठे आहेत. त्यांनी मधल्या दाराच्या पडद्याकडे बोट केले. देशमुखांच्या घरी गोशा आहे, हे मला ठाऊक होते.

"आमच्या घरच्या बाया परक्याच्या नजरंस पडत नाई," ते म्हणाले. "हात देतो भाईर. नाडी पाहून घ्या."

"जीभ पाहावी लागेल."

"जिभेचं मी सांगतो. पांढरी हाय."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कायले पाहू? घरातल्या म्हातारीनं पाह्यली."

पडद्याखालून हात बाहेर आला. ताप बराच होता. नाडी जलद. हुडहुडी भरते का, असे विचारले. आतून म्हातारीने 'भरते' म्हणून सांगितले. हिवताप आहे यात शंका नाही. पुड्या दिल्या. दाखल्याचा मसुदा त्यांच्या कारकुनाने आधीच तयार ठेवला होता: 'आज रोजी मी सुभद्राबाई देशमुख यांस स्वतः तपासले. हिवताप आहे. दोन महिने प्रवास करण्याजोगी प्रकृती नाही.' मजकूर बरोबर वाटला. सही केली.

परत येताना वाटेत सगळीकडे कापसाची वेचणी चालू होती. हवेबद्दल लिहीत नाही.

चिंतामण


अमरावती, ता. २६ नोव्हेंबर १८६४

जावईबापूंस आशीर्वाद.

शाबास! झुंबराची गोष्ट मी आईला सांगितली. ती ओठ दाबून स्वयंपाकघरात गेली. हसायलाच गेली असावी असे मी धरून चालतो.

तुमचा दाखला कचेरीत दाखल झाला. असिस्टंट कमिशनर साहेबांनी 'स्वतः तपासले' या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि मान हलवली. इंग्रजाला कोणी काही स्वतः केले की फार आवडते. बाईने येण्याचे कारण उरले नाही.

प्रकरण काय, हे तुम्ही विचारले नाहीत, पण सांगतो. सुभद्राबाईचा नवरा वारला तेव्हा भाऊ वेगळे निघालेले होते, त्यामुळे त्याच्या वाट्याची काळी जमीन तिच्या नावे आली. गेल्या वैशाखात तिने ती दिराला सोडून दिल्याचे सोडपत्र झाले. आता भातकुलीचा खुशालराव, तिचा भाऊ, म्हणतो की बहिणीने असा कागद कधी केलाच नाही. कापूस स्वस्त होता तेव्हा या भावाला बहिणीची आठवण नव्हती, हेही खरे. साहेब म्हणाले, बाईलाच विचारू. बाई आजारी. मग २० तारखेस कागद आहे तसा कायम होईल आणि सगळे आपापल्या घरी जातील.

आता जरा मोठे पत्र लिहायची सवय लागली आहे तर मोडू नका.

मोरोपंत


अकोला, ता. ५ डिसेंबर १८६४

मोरोपंतदादांस नमस्कार.

काल दवाखान्यात एक बाई आली. देवरखेडची. कापसाच्या गाडीवर बसून अकोल्याच्या बाजारात आली होती. तिचे नाव मी लिहीत नाही. ती काय बोलली ते जसेच्या तसे लिहितो, म्हणजे माझ्याकडून काही कमीजास्त व्हायला नको.

ती म्हणाली, "डाक्तर, थ्या कडू पुड्या अजून हायेत का तुमच्यापाशी?"

मी विचारले, "कोणत्या?"

"वाड्यात देल्या होत्या त्या. तीन दिस घेतल्या तं ताप पयाला. मंग वेचणीले लागली, अन् पुन्हा आला."

"वाड्यात मी देशमुखांच्या भावजयीला औषध दिले होते."

"मलेच देलं नं!" ती मोठ्या अभिमानाने म्हणाली. "परद्यामांगं मीच होती. देशमुखानं आपल्या गादीवर बसवलं मले. म्हने, डाक्तर येऊन राहिला, तुह्या तापाचं पाहून घे. फक्त तोंडातून आवाज काढू नोको. गरिबासाठी एवढं कोन करते?"

"आणि सुभद्राबाई?"

"बाईसाहेबांले काय धाड भरली? त्या मांगच्या आंगनात ज्वारी निवडून राहिल्या होत्या. तुमी आले हे त्यांले कोनी सांगतलंच नाई."

तिने नाडी पाहायला हात पुढे केला. बोटांच्या टोकांना बोंडांचे ओरखडे होते आणि नखांच्या कडा फाटलेल्या. देशमुखांच्या घरची बाई कापूस वेचायला जात नाही, हे वऱ्हाडात कोणालाही सांगावे लागत नाही. हाच हात त्या दिवशी माझ्या हातात होता. पुड्या देऊन तिला परत पाठवले.

म्हणजे मी 'स्वतः तपासले' असे लिहिले ते खोटे आहे. ज्या बाईला मी पाहिले नाही, तिला मी आजारी ठरवले. आणि तिला विचारल्यावाचून तिची जमीन जाणार आहे. तिला बहुधा हे ठाऊकही नाही.

दादा, तुम्हाला कायदा कळतो. मी काय करावे ते लिहा. आणखी एक विचारायचे आहे. देशमुखांनी तुमच्याकडून माझे नाव कसे मिळवले?

चिंतामण


अमरावती, ता. ९ डिसेंबर १८६४

जावईबापू,

पत्र मिळताच लिहीत आहे. आधी तुमचे शेवटचे विचारणे. मी महादेवरावांचा वकील आहे. सांगायचे राहून गेले. राहून गेले म्हणजे काय, सांगितले असते तर तुम्ही 'नात्यातल्या वकिलाचे काम, मी जात नाही' म्हणाला असता. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. झाले ते झाले.

आता कायदा. नव्या पिनल कोडात खोटा दाखला देणे हे खोटी साक्ष देण्यासारखेच धरले आहे. पण केव्हा? जाणूनबुजून दिला तर. तुम्ही जाणून दिला नाहीत. तेव्हा तुमच्यावर आज काहीही नाही. तुम्ही स्वतः उठून 'मी पाहिले नव्हते' म्हणालात की मात्र साहेब विचारतील, मग लिहिलेस कशाला? नोकरी गेलीच समजा, आणि वर काय होईल ते साहेबाच्या मर्जीवर. मुंबईची तीन वर्षे पाण्यात. तेव्हा असे धरा की ती बाई बाजारात आली आणि तशीच बाजारातून परत गेली. तुमच्याकडे आलीच नाही.

इतके करूनही बोलायचेच असेल, तर निदान शहाण्यासारखे बोला. बाईचे नाव मला कळवा. मी तिची जबानी आधी घेतो. तुम्हाला फसवले असे ठरले तर दोष तुमच्यावर येणार नाही.

आईला यातले काही सांगितलेले नाही. ती तुमच्यासाठी तिळाच्या वड्या करते आहे. ज्याची नोकरी जाणार त्याला वड्या पाठवाव्या की नाही, हेही लिहा.

हे पत्र जाळा.

मोरोपंत


अकोला, ता. १३ डिसेंबर १८६४

मोरोपंतदादांस नमस्कार.

तुमचा सल्ला मन लावून वाचला. कायद्याप्रमाणे तो बरोबर असेल. दाखला दिला त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण २० तारखेस तो कचेरीत वाचला जाईल तेव्हा मला ठाऊक असेल. ते मला जमण्यासारखे नाही.

बाईचे नाव कळवीत नाही. ती माझ्याकडे औषध मागायला आली होती, साक्ष द्यायला नाही. शिवाय तिला त्याच गावात, त्याच शेतात वेचणीला जायचे आहे. आणि तुम्ही देशमुखांचे वकील आहात.

परवा मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. सर्व सांगितले, बाईखेरीज. साहेबांनी विचारले, "चेहरा पाहिलास?"

"नाही."

"जीभ?"

"पांढरी असल्याचे सांगण्यात आले."

"मग तू तपासलेस कोणाला?"

"हाताला," मी म्हटले.

साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले की गेली दहा वर्षे तेही पडद्याबाहेर आलेल्या हातांना औषधे देत आहेत, आणि आजपासून त्यांना त्या सगळ्या हातांची काळजी लागणार आहे. मला वाटले ते रागावणार नाहीत. पण मग रागावले. औषध हाताला देता येते, दाखला हाताला देता येत नाही, हे तुला कोणी शिकवले नव्हते काय, म्हणाले. हे सगळे कचेरीला लिहून दे. नोकरीचे काय होईल हे मी आज सांगत नाही.

मी लिहून दिले आणि ते सरकारी टपालात गेले आहे. तुम्हाला कचेरीत अचानक कळू नये म्हणून मजकूर इथे देतो:

'देवरखेड मुक्कामी मी पडद्याबाहेर आलेला एक हात पाहिला. त्या हातास ताप होता. तो सुभद्राबाई देशमुख यांचा असे मला सांगण्यात आले. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही, त्यांच्याशी बोललो नाही. सबब स्वतः तपासले हे माझे शब्द खोटे असून मी ते मागे घेतो. बाई आजारी आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही. खात्री करून न घेण्याची चूक सर्वस्वी माझी आहे.'

एक गोष्ट साहेबांना सांगितली नाही. ती तुम्हाला सांगतो, कारण तारा तुमची बहीण होती.

शेवटच्या आठ दिवसांत ताराचा हात असाच कढत असे. मी तासातासाला नाडी मोजून भिंतीवर कोळशाने आकडा लिहीत असे. उपयोग काही नव्हता, पण दुसरे काही सुचत नव्हते. ती म्हणाली, "भिंत खराब होते आहे." त्यानंतर तापाचे रोगी पुष्कळ पाहिले, पण ते समोर बसलेले असत, त्यांना तोंड असे. देवरखेडला नुसता हात आला. मी धरला, आणि सोडून दिला, आणि झुंबराकडे पाहत बसलो. नाडी मोजलीच नाही. जलद आहे असे अंदाजाने म्हटले. आणखी थोडा वेळ धरला असता तर ती बोटे मला दिसली असती.

हे निमित्त म्हणून सांगत नाही. जे झाले ते असे झाले, एवढेच.

वड्या पाठवाव्या. तुमचे पत्र जाळलेले नाही, कारण त्यात आईंचा निरोप आहे.

चिंतामण


अमरावती, ता. २१ डिसेंबर १८६४

जावईबापू,

काल कचेरी झाली. बसा, आणि वाचा.

तुमचा कागद येताच साहेबांनी हुकूम काढला की सुभद्राबाई आजारी असो वा नसो, तिला घेऊन या. शिपाई गेले, बरोबर तिचा भाऊ खुशालराव गेला, आणि काल सकाळी बाई मेण्यात बसून ठणठणीत हजर. मेणा थेट कचेरीच्या ओसरीवर ठेवला, पडदे सोडले, आणि साहेबांनी आपली खुर्ची जवळ ओढली. महादेवराव जरीचा फेटा बांधून आले होते. घाम पुसता पुसता तो सैल झाला.

आधी तुमचा कागद वाचला गेला. 'एक हात पाहिला' या शब्दांवर कचेरीत हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारले, "वकीलसाहेब, यावर काही म्हणायचे आहे?"

मी उभा राहिलो.

चिंतामणराव, मी काय बोलणार होतो ते तुम्हाला सांगितले पाहिजे. डॉक्टरची बायको नुकतीच वारली, त्याचे चित्त ठिकाणावर नाही, त्या कढत हाताने त्याचे मन भ्रमले, तेव्हा त्याचा पहिला दाखला खरा आणि हा दुसरा कागद भ्रमाचा. हे मी बोललो असतो तर साहेबांनी ऐकले असते. पुरावा म्हणून तुमचेच पत्र माझ्या अंगरख्यात होते. महादेवराव माझ्याकडे पाहत होते. आदल्या दिवशी मीच त्यांना 'तोड आहे माझ्यापाशी' असे सांगितले होते.

मी म्हटले, "काही म्हणायचे नाही," आणि बसलो. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात माझे एवढे आखूड भाषण झालेले नाही.

मग साहेबांनी आणखी घोळ काढला. तुमच्या कागदाने ते सावध झाले होते. मेण्याकडे बोट करून म्हणाले, "आत आहे ती सुभद्राबाईच, हे मी कशावरून धरू?"

खुशालराव पुढे झाला. "साहेब, लहानपनापासून ह्याच आवाजानं मले शिव्या खाव्या लागल्या. माही चूक होईन कशी?"

आतून आवाज आला, "अजून खाशील. तीन वर्षं कुठी होता?"

ओळख पटली असे साहेबांनी लिहून घेतले.

सोडपत्र काढले. तुम्हाला ठाऊकच आहे, लिहिता येत नसले तर सहीच्या जागी कुणबी नांगर काढतो आणि बाई बांगडी. साहेबांनी विचारले, "बाई, या कागदावरची निशाणी तुमची आहे?"

"काय काढलं हाये तिथं?"

कारकून म्हणाला, "बांगडी."

"कवाचा हाये कागद?"

"गेल्या वैशाखातला."

मेण्याचा पडदा जरा हलला. मग ती म्हणाली, "माह्ये मालक जाऊन तीन वर्षं झाले. माह्या हातात बांगडी कोनं भरली?"

आणि पडद्याबाहेर हात आला. कोपरापर्यंत मोकळा. साहेबांना दिसावा म्हणून तिने तो जरा वर धरला. कचेरीतले लोक माना उंचावून पाहू लागले. देशमुखांच्या कारकुनाने हात सवयीने चालवला होता. बाई म्हटली की बांगडी. विधवा आहे हे लिहिताना त्याच्या मनात आले नाही. महादेवरावांच्या मनात आले नाही. खरे सांगायचे तर हा कागद मी पाच वेळा वाचला होता, आणि माझ्याही आले नाही.

सोडपत्र नामंजूर. जमीन बाईची. देशमुखांची चौकशी व्हायची आहे. त्यांना दुसरा वकील पाहावा लागेल, कारण मी त्यांचे वकीलपत्र परत केले.

अजून एक राहिले. तुम्हाला पत्र लिहिले त्याच्या आधी महादेवराव माझ्या ओटीवर बसून म्हणाले होते, "हात तं देऊ पंत, कोनाचा ते डाक्तरले काय कयते?" मी हसलो होतो. थट्टा आहे असे समजलो. समजलो म्हणजे, तसे समजणे सोयीचे होते. तुम्हाला ठाऊक नव्हते असे तुम्ही म्हणू शकता. मी म्हणू शकत नाही.

तुमच्याबद्दल साहेब एवढेच म्हणाले की अशा डॉक्टरचे काय करायचे ते त्याच्या वरिष्ठांनी ठरवावे. सूर रागाचा नव्हता, पण इंग्रजाच्या सुरावरून काही सांगता येत नाही. हुकूम आला की कळवा. नोकरी गेली तर सरळ इथे या. आईने खोली झाडून ठेवली आहे.

भिंतीवरच्या आकड्यांचे आईला वाचून दाखवले नाही. मीच दोनदा वाचले.

मोरोपंत


अकोला, ता. १० जानेवारी १८६५

मोरोपंतदादांस नमस्कार.

वड्या पोचल्या. फुटल्या होत्या, पण चवीत फरक नाही. आईंना सांगावे.

तुमचे पत्र वाचून बरे वाटले. तुम्ही शेवटी जे लिहिले, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्ही उभे राहिलात आणि बसलात, तेवढे मला पुरे आहे.

हुकूम आला. नोकरी राहिली. बेपर्वाईबद्दल ठपका लिहिला गेला आहे, तो कायमचा. त्याखेरीज सहा महिने मला कसल्याही दाखल्यावर सही करण्यास मनाई आहे. हुकुमाची मराठी नकल दवाखान्याच्या दारावर लावायला सांगितले होते, म्हणून मी स्वतःच खिळे ठोकून लावली. पहिले दोन दिवस येणारा जाणारा वाचत होता आणि माझ्याकडे पाहत होता. शरम वाटली.

आठवड्याने एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. दवाखान्यातली गर्दी निम्मी झाली आहे. आधी मला वाटले लोकांचा विश्वास उडाला. मग पाहिले, तर कचेरीची तारीख चुकवायची म्हणून पोट धरून येणारे येईनासे झाले. रेल्वेच्या बांधावर मजुरीला जायचे टाळण्यासाठी लंगडणारे दोघे दारावरचा कागद कोणाकडून तरी वाचून घेऊन तरातरा चालत परत गेले. दिवाणी दाव्यातला एक सावकार कार्तिकापासून मरणाच्या दारी होता, तो परवा बाजारात ऊस खाताना दिसला. इतके दिवस मी हे सगळे रोगी समजून तपासत होतो.

काल एक गृहस्थ आले. शेजाऱ्याने मारल्याचा दाखला पाहिजे होता. मार कुठे लागला विचारले, तर म्हणाले, तुम्ही म्हणाल तिथे. मी दारावरचा हुकूम दाखवला. त्यांनी तो वाचला, मला खालून वर न्याहाळले आणि विचारले, "दाखला देत नाई, तं तुमाले सरकारनं इथं कायले बसवलं?"

त्यांच्यामागे एक म्हातारी केव्हाची खोकत उभी होती. तिने काठीने त्यांना बाजूला सारले.

"माह्यासाठी," ती म्हणाली. "सरक तिकडं."

चिंतामण